शेजारच्या बोटीचा दोर

मस्कतच्या त्या मरीनात, खासगी बोटींच्या बंदरात, ‘सी’ नावाच्या धक्क्याच्या टोकाला दोन बोटींच्या मधे लाकडी फळ्यांची एक चिंचोळी पट्टी होती. इतकी चिंचोळी, की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला कूस बदलून उभं राहावं लागे. पट्टीच्या डाव्या अंगाला सिराजभाई बुरोंडकरांची ‘उमामा’ आणि उजव्या अंगाला पास्कल तुस्कानोची ‘जसिंता’. एकाने बोटीला मुलीचं नाव दिलेलं, दुसऱ्याने बायकोचं. बावीस वर्षं या दोन जागांवर बोटी अशा शेजारी-शेजारी नांदल्या, आणि बावीस वर्षांत त्या फळ्यांवर एकदाही आवाज चढला नाही.

सिराजभाई दापोलीकडचे. इथल्या बोटींच्या इंजिनांत हात काळे करण्यात त्यांची हयात गेली. अर्बाबने, त्यांच्या ओमानी मालकाने, वर्कशॉप मुलांच्या हाती सोपवलं तेव्हा जाता जाता मरीनाच्या ऑफिसात शब्द टाकला आणि सिराजभाईंना ही टोकाची जागा मिळवून दिली. बोट म्हणजे कुणीतरी टाकून दिलेला सांगाडा. तीन वर्षं खपून त्यांनी तो उभा केला. आता सहासष्टाव्या वर्षी ते बरका या किनाऱ्यावरच्या गावी मच्छीमारांची इंजिनं दुरुस्त करत आणि शुक्रवारी, जुम्म्याची नमाज आटोपली, की हमरिया वस्तीतल्या घरून खुदेजाला घेऊन धक्क्यावर येत.

खुदेजाचे दोन्ही गुडघे गेलेले. तिसऱ्या मजल्यावरचं ते घर, खाली दुकानांची गर्दी, आणि ही हर्णैची, समुद्र कानाशी घेऊन वाढलेली बाई. आठवड्यातून एकदा तिला बोटीत बसवून दोन तास फिरवून आणलं, की पुढचे सहा दिवस ती कुरकुरत नसे. बरक्याला बोटी वाळूवर ओढलेल्या असतात. पाण्यात शिरून, बोटीच्या कडेला लोंबकळून वर चढावं लागतं. ते तिला जमणारं नव्हतं. मरीनातला धक्का मात्र तरंगता. भरतीला बोट वर गेली, की धक्काही वर जातो. ओहोटीला बोट खाली आली, की धक्काही खाली येतो. दोघांची उंची कायम सारखी. खुदेजा घराचा उंबरा ओलांडावा तशी फळीवरून बोटीत पाऊल टाकायची. सिराजभाईंना त्या जागेचं मोल होतं ते एवढ्यासाठी.

पास्कल वसईकडच्या गासचा, एका हॉटेलच्या स्वयंपाकघराचा मुख्य. दोघांनी आपसात कधी नियम ठरवले नाहीत, पण नियम होते. दुसऱ्याच्या बोटीवर पाय ठेवण्याआधी कडेवर दोनदा टकटक करायचं आणि नाव घेऊन विचारायचं. शेजारी समुद्रावरून परत येताना दिसला, की हातातला घास खाली ठेवून उठायचं आणि त्याचा दोर झेलायचा. तो निघाला, की त्याचा शेवटचा दोर आपण सोडायचा आणि त्याच्या हातात द्यायचा. पाण्यात भिजू द्यायचा नाही. तो गावी गेला, की त्याच्या बोटीकडे लक्ष ठेवायचं, आणि तो परत आल्यावर त्याचा उच्चार करायचा नाही. पास्कल सुट्टीवरून येताना सुके बोंबील आणायचा, सिराजभाई कोकमं आणायचे. “ही घे तुझ्या बोटीची चौकीदारी,” असं कुणी म्हणत नसे.

पास्कलचा मुलगा केल्विन नऊ वर्षांचा असताना या धक्क्यावर प्रथम आला. शाळेत इंग्रजी, घरात इंग्रजी, मराठी अडखळत. पण त्याला दोरांचं भारी वेड. बाप बोट धुवायचा तेव्हा हे पोर सिराजभाईंच्या पुढ्यात मांडी घालून बसे. सिराजभाई खुर्चीच्या पायाला दोर बांधून गाठी शिकवत. पोर चुकलं तर सोडवायचे, पुन्हा दाखवायचे. दहा वेळा, वीस वेळा. त्यांचा आवाज कधी चढत नसे.

“अंकल, किती टाइट?”

“तबल्यासारखा. वाजव बघू.”

पोर बोटाने दोर छेडायचं. दोर गुणगुणला, की सिराजभाई मान डोलवायचे.

“ढिला ठेवला तर काय होतं?”

“बोट हलते.”

“हलते आणि कुणावर जाते?”

“तुमच्या बोटवर.”

“बोटीवर. बरोबर. म्हणून ढिला दोर म्हणजे शेजाऱ्याला शिवी. लक्षात ठेव.”

केल्विनने ते लक्षात ठेवलं. इतकं, की पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

चार वर्षांपूर्वी जसिंताबाई वारल्या आणि पास्कल कायमचा गासला गेला. केल्विन तोवर एका विमा कंपनीत मोठ्या जागेवर लागला होता. मदिनत सुलतान काबूस या श्रीमंत वस्तीत त्याचं घर, बायको लॉरा, घरात पियानो. त्याने जुनी बोट विकली आणि त्याच जागेवर नवी आणून उभी केली. पांढरीशुभ्र, दीडपट मोठी, नाव ‘लॉरा’. सिराजभाईंना आनंदच झाला. पोरगं आपल्या शेजारी आलं, असंच त्यांना वाटलं.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी शमाल सुटला. शमाल म्हणजे उत्तरेकडून येणारा कोरडा, रागीट वारा. केल्विन ऑफिसात होता. ‘लॉरा’ फळ्यांवर आपटायला लागली. तिचं अंग आपटण्यापासून जपणारे रबरी फुगे दोनच होते, तेही वर चढून बसलेले. सिराजभाईंनी आपल्या बोटीतले दोन जुने टायर काढले आणि मधे अडकवले, कोकणातल्या बंदरात प्रत्येक होडी करते तसे. बोट वाचली. पण पांढऱ्या रंगावर टायरचे काळे फराटे उठले. होडीच्या लाकडाला त्याचं काही नसतं. या बोटीच्या अंगावर तो डाग पॉलिश केल्याशिवाय निघत नाही. सिराजभाईंना हे माहीत नव्हतं असं नाही. घाईत हाताला जे लागलं ते त्यांनी लावलं.

दुसऱ्या दिवशी केल्विन आला, वाकून फराटे बघितले आणि म्हणाला, “अंकल, हे काय?”

“वारा होता रे पोरा. फुगे वर चढले होते तुझे.”

“तुम्ही मला फोन करायचा ना.”

“फोन करीपर्यंत कड फुटली असती. आण, पुसून देतो.”

“नको, प्लीज. हात नका लावू. तुम्ही पर्सनली घेऊ नका, पण माझ्या बोटीला कोणी हात लावलेला मला चालत नाही.”

त्याने ते ऑफिसला लिहूनही पाठवलं. ऑफिसातला हिलाल नावाचा तरुण ओमानी कारकून, सूर बंदरातल्या खलाशांच्या घराण्यातला, ‘दुसऱ्याच्या बोटीला हात लावणार नाही’ असा कागद घेऊन स्वतः धक्क्यावर आला. त्याला हिंदी छान यायचं.

“चाचा, साइन कर दो. दूसरी कम्प्लेंट आयी तो साल का करार आगे नहीं बढेगा. रूल है.”

सिराजभाईंनी सही केली. त्या दिवसापासून ‘लॉरा’कडे बघायचंही त्यांनी सोडलं. केल्विन समुद्रावरून येताना दिसला, की त्यांचे पाय आपोआप उठायचे. मग आठवायचं, आणि ते खाली बसायचे. केल्विन एकट्याने धडपडत बोट बांधायचा. कधी “हाय अंकल” म्हणायचा. सिराजभाईही “हाय” म्हणायचे. बावीस वर्षांत त्या फळ्यांवर हा शब्द कुणी वापरला नव्हता.

एप्रिलमध्ये ऑफिसने कळवलं, की सी-धक्का दुरुस्तीसाठी उचलायचा आहे. तीन आठवडे सगळ्यांनी बोटी आतल्या दगडी धक्क्याला लावाव्यात. दगडी धक्का जुना, जमिनीला घट्ट रोवलेला. भरती येवो की ओहोटी, तो जागचा हलत नाही. पाणी मात्र हलतं. आणि पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत, मस्कतला पाणी पुरुषभर खाली उतरतं.

तरंगत्या धक्क्यावर दोर घट्ट हवा, कारण धक्का बोटीबरोबर चालतो. दगडी धक्क्यावर दोर लांब आणि सैल हवा, कारण पाणी उतरलं, की बोटीला खाली जायला वाव लागतो. कोकणातल्या खाडीवरचं पोरही हे जाणतं. सिराजभाईंनी गुरुवारी ‘उमामा’ हलवली, चारही दोर लांब सोडले आणि घरी गेले.

केल्विनने शुक्रवारी सकाळी साडेनऊला ‘लॉरा’ आणली. पौर्णिमेचा दुसरा दिवस, भरती अगदी काठोकाठ. बोट धक्क्याच्या बरोबरीला आलेली. त्याने चार नवे पांढरे दोर काढले, खेचून आणले, गाठीवर गाठ मारली. प्रत्येक दोर बोटाने छेडून बघितला असेल. मग तो लॉराला घेऊन चर्चला गेला. इथे मोठी मिस्सा शुक्रवारी असते, आणि त्या दिवशी त्याच्या मेहुणीच्या मुलीचा बाप्तिस्माही होता.

दुपारी अडीचला सिराजभाई आणि खुदेजा आले. बोटीत बसणं त्या दिवशी शक्यच नव्हतं. ओहोटीला ‘उमामा’ धक्क्याच्या कितीतरी खाली गेली होती. पण शुक्रवार चुकवायचा नाही म्हणून सिराजभाईंनी प्लास्टिकची खुर्ची आणली, धक्क्याच्या काठाशी सावलीत मांडली आणि खुदेजाला बसवलं. थर्मासमधून चहा ओतला.

तेवढ्यात त्यांना तो आवाज ऐकू आला. कर्र, कर्र.

‘लॉरा’ लटकली होती. पाणी खाली गेलं होतं आणि तिला खाली जायला दोरांनी वाव दिला नव्हता. धक्क्याकडची कड दोरांनी वर धरलेली, समुद्राकडची कड खाली कललेली. दोर ताणून ताणून निम्मे बारीक झाले होते. बोटीवरच्या ज्या खुंटांना ते बांधले होते त्यांच्या मुळाशी केसासारख्या चिरा पडायला लागल्या होत्या.

“या अल्ला,” सिराजभाई म्हणाले. “अजून दीड तास पाणी उतरणार.”

“मग काय होईल?” खुदेजाने विचारलं.

“खुंट उपटतील, नायतर पलीकडच्या कडेवरून पाणी आत येईल. एकदा इंजिनात पाणी शिरलं की खलास.”

त्यांनी केल्विनला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. मग बोलून निरोप पाठवला: “केल्विन, पोरा, बोट लटकलीय. दोर ढिले करायला पायजेत. ऐकलंस की लगेच फोन कर.” ऑफिसला कुलूप होतं, पहारेकरी बाहेरच्या फाटकावर, त्याला फक्त गाड्यांचे नंबर लिहिता येत. धक्क्यावर माणूस नव्हतं.

सिराजभाई ‘लॉरा’पाशी जाऊन उभे राहिले. हात पाठीमागे बांधलेले.

“उमामाचे अब्बा,” खुदेजा मागून म्हणाली, “हात लावू नका. सही करून दिलीय तुम्ही.”

“मी कुठं लावतोय.”

“परत या. चहा निवतोय.”

ते परत आले, बसले. कप उचलला. पलीकडे पुन्हा कर्र झालं आणि एका खुंटाचा स्क्रू टणकन उडून दगडावर पडला. सिराजभाईंनी कप खाली ठेवला.

“त्याला तबल्यासारखा दोर मीच शिकवला,” ते म्हणाले. “दुसरी अर्धी गोष्ट सांगायची राहिली. तेव्हा सगळे तरतेच धक्के होते. मला वाटलं, कशाला पोराचं डोकं फिरवा.”

खुदेजाने ‘लॉरा’कडे मान वळवली. तिला कळत होतं, की इथे एकट्या केल्विनची बोट लटकलेली नाही. तिचे स्वतःचे शुक्रवारही त्याच दोरांना लटकले होते.

“तुम्हाला हे बघत बसवणार आहे का?” तिने विचारलं.

“नाय.”

“मग कापा. नुसते येरझारा घालू नका.”

गाठी सुटण्यासारख्या नव्हत्या. ताणाने त्या दगड झाल्या होत्या. सिराजभाई ‘उमामा’त उतरले आणि मच्छीमारांकडचे दोन लांब हिरवे दोर घेऊन वर आले. आधी ते ‘लॉरा’च्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, आणि पिछाडीला बांधले, भरपूर सैल ठेवून, म्हणजे बोट सुटली तरी वाहून जाऊ नये. ‘लॉरा’च्या कडेवर पाय ठेवण्याआधी त्यांनी दोनदा टकटक केलं. सवयीने. मग चाकू काढला.

पहिला दोर कापला तेव्हा त्याचं टोक चाबकासारखं उलटून त्यांच्या मनगटावर बसलं. तिसऱ्या दोराला बोट एकदम खाली आली, धप्पकन पाण्यात बसली, दोनदा डोलली आणि शांत झाली. चौथा दोर सैल पडला होता. तरी भरतीला गोंधळ नको म्हणून त्यांनी तोही कापला.

आता राहिले फुगे. केल्विनचे फुगे होते, पण ते बोटीच्या बंद खणात. दगडी भिंतीपासून बोटीचं अंग जपायला काहीतरी हवं होतं. सिराजभाईंचे दोन टायर तिथेच, हाताशी होते. त्यांनी एक उचललाही. मग त्यांना ते काळे फराटे आठवले, आणि टायर त्यांनी जागच्या जागी ठेवला.

संध्याकाळी पुन्हा एकदा फोन लावून बघितला. कुणी उचलला नाही. ते घरी गेले.

केल्विन शनिवारी सकाळी दहाला धक्क्यावर आला. तेव्हा भरती पुन्हा काठोकाठ होती. बोट धक्क्याच्या बरोबरीने, आदल्या दिवशी त्याने सोडली होती तशीच तरंगत होती. फक्त त्याच्या चार नव्या दोरांचे आठ तुकडे झाले होते, त्या जागी घाणेरडे हिरवे दोर सैल लोंबत होते, आणि नाळ भिंतीला घासून पांढऱ्या रंगावर वीतभर ओरखडा उठला होता. त्याने फोटो काढले. फोटो आधी बोटमालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेले आणि मग ऑफिसात. ऑफिसने कॅमेरा बघितला. कॅमेऱ्यात एक म्हातारा आजूबाजूला बघतो, दुसऱ्याच्या बोटीवर चढतो आणि चाकूने दोर कापतो. कॅमेरा वरून लावलेला. वरून बघितलं, तर बोट किती कललीय ते दिसत नाही.

सिराजभाईंना बोलावणं आलं तेव्हा केल्विन हिलालच्या टेबलापाशी बसला होता. तो उभा राहिला नाही.

“अंकल, का?” तो म्हणाला. “एवढंच सांगा. त्या टायरचा राग होता का तुम्हाला?”

सिराजभाईंना आधी काही समजेना. राग? मग त्यांच्या लक्षात आलं, आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

“बोट लटकली होती केल्विन. दगडी धक्क्यावर दोर ढिला ठेवायचा असतो. ओहोटीला—”

“तुम्हीच शिकवलंत ना, ढिला दोर म्हणजे शेजाऱ्याला शिवी?”

“ते तिकडं, तरत्या धक्क्यावर. इकडं उलटं असतं. मी सांगायचा राहिलो, ती माझी चूक. पण तू चार वाजेपर्यंत थांब. आज पण उधाण आहे. माझ्याबरोबर धक्क्यावर उभा राहा आणि पाणी कुठं जातं ते बघ. कालचा स्क्रू पण तिथंच पडला असेल दगडावर.”

“चार वाजेपर्यंत मला वेळ नाही. मी काय आता नऊ वर्षांचा आहे?”

“मी फोन केला. निरोप पाठवला.”

“तुमचा नंबर मी म्यूट केलाय,” केल्विन म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर त्याने नजर खिडकीकडे वळवली.

तो गेल्यावर हिलालने दार लोटून घेतलं. त्याच्या घराण्यातल्या चार पिढ्यांनी समुद्रावर दोर ओढले होते. त्याला सगळं समजलं होतं. सिराजभाईंना ते त्याच्या डोळ्यांत दिसत होतं.

“चाचा, मालूम है मुझे,” तो म्हणाला. “पर मैं क्या लिखूं? आपने जो बचाया, वो तो हुआ ही नहीं. जो हुआ, वो कैमरे में है.”

“उसको कोई बोल दो, आज दोर ढीला रखे. नहीं तो चार बजे फिर वही होगा.”

हिलाल मान हलवत हसला, पण ते हसू नव्हतं. “बोल दिया, चाचा. सुबह ही बोल दिया.”

त्या दुपारी चार वाजता सिराजभाई एकटेच धक्क्यावर गेले. ‘लॉरा’ खाली, पुरुषभर खाली, निवांत तरंगत होती. चारही नवे दोर लांब सोडलेले, हवे तितके सैल. फुगे योग्य जागी बांधलेले. बोटीवर केल्विन होता. तो वर बघत होता. धक्क्याच्या ओल्या भिंतीकडे, जिथे सकाळच्या पाण्याची खूण त्याच्या डोक्याच्याही वर दिसत होती.  मग वाकून त्याने सैल झालेल्या खुंटावरून, एका स्क्रूच्या रिकाम्या भोकावरून बोट फिरवलं.

सिराजभाई मागच्या मागे वळले. शिकवलेलं पोराच्या डोक्यात उतरताना त्यांनी आयुष्यात पुष्कळदा बघितलं होतं. तो क्षण कसा दिसतो ते त्यांना ओळखता येत होतं. आता रात्री फोन येईल, असं त्यांना वाटलं.

रात्री फोन आला नाही. फक्त शुक्रवारी पाठवलेल्या निरोपापुढच्या दोन खुणा निळ्या झाल्या. म्हणजे त्याने तो ऐकला होता.

दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. ग्रुपवर ते फोटो तसेच होते. त्यांच्याखाली लोकांनी रागाची तोंडं आणि ‘शॉकिंग’ असे शब्द टाकले होते. केल्विनने त्यावर एक ओळ लिहिली असती तरी पुरे होतं. पण ती ओळ लिहायची म्हणजे पंचावन्न लोकांसमोर म्हणायचं, की मला बोट बांधता येत नाही. चौथ्या दिवशी ऑफिसचं पत्र आलं. करार महिनाअखेरीस संपतो; पुढे वाढवता येणार नाही.

“पास्कलभाईंना फोन करा,” खुदेजा म्हणाली. “बापाचं ऐकेल तो.”

“शेजाऱ्याकडं त्याच्या पोराची चुगली करू?”

“चुगली कसली? खरं ते सांगायचं.”

त्यांनी फोन केला. तिकडे पास्कल वाडीतल्या केळींना पाणी देत होता. पंपाचा आवाज येत होता.

“काय सिराजभाय! आठवण झाली का म्हाताऱ्याची? बोट कशी हाय?”

“चांगली आहे.”

“पोरगा फोटो पाठवतो रे बोटीचे. मी इथं सगळ्यांना दाखवतो. सांगतो, माझ्या पोराला बोटीतलं जे काय येतं ते सिराजभायनं शिकवलं. माझा संबंध नाय. बरं, तो ऐकतो ना तुझं? नाय ऐकलं तर कान पिळ. मला विचारत बसू नको.”

सिराजभाईंनी खुदेजाकडे बघितलं. ती हाताने खुणावत होती: बोला, बोला.

“चांगला पोरगा आहे,” सिराजभाई म्हणाले. “दोर चांगला बांधतो.”

खुदेजा उठून आत गेली.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी सी-धक्का दुरुस्त होऊन पुन्हा पाण्यावर आला होता. बोटी आपापल्या जागी गेल्या होत्या. ‘उमामा’ समुद्रमार्गाने बरक्याला न्यायची असं ठरलं. खुदेजाला निदान जाताना तरी बोटीतून जाता यावं, एवढाच त्यात हेतू. ती नव्या फळ्यांवर आली, उंबरा ओलांडावा तसं पाऊल टाकलं आणि बसली. मागे वळून बघितलं नाही.

केल्विन त्याच्या बोटीवर होता. सिराजभाईंनी इंजिन चालू केलं, तीन दोर सोडून आत घेतले. चौथा, शेवटचा, फळ्यांवरच्या खुंटाला होता. बावीस वर्षं तो दोर शेजाऱ्याने सोडून हातात दिला होता.

केल्विन उडी मारून फळ्यांवर उतरला. त्याचा चेहरा लाल झाला होता. तो खाली वाकला आणि दोराकडे हात नेला.

“अंकल,” तो म्हणाला, “मी... त्या दिवशी मी...”

एवढ्यावर सिराजभाई थांबले असते तर. पोर अडखळलं तर दहा वेळा, वीस वेळा वाट बघणारा माणूस तो. पण त्या सकाळी त्यांच्याजवळचा तो सगळा साठा संपला होता.

“हात लावू नकोस,” ते म्हणाले. “आधी ऑफिसला मेल कर.”

केल्विनचा हात हवेतच राहिला. मग तो सरळ उभा राहिला आणि त्याने दोन्ही हात पँटच्या खिशात घातले.

सिराजभाई कण्हत फळ्यांवर चढले. दोर स्वतः सोडला. तेवढ्यात वाऱ्याने ‘उमामा’ सरकली आणि फळ्यांवर आपटायला आली. एरवी कुणीही हात पुढे करून तिला ढकललं असतं. केल्विनच्या कोपराला झटका बसलेला सिराजभाईंना दिसला. हात खिशातून अर्धा बाहेर आला आणि परत आत गेला. ‘उमामा’ फळ्यांना हलकेच टेकली, मागे सरली. सिराजभाईंनी धडपडत आत उडी घेतली. दोराचं टोक पाण्यात भिजलं.

बोट बंदराबाहेर पडली. तेव्हा खुदेजा म्हणाली, “पोर हात द्यायला आलं होतं.”

“हो.”

“आज तुम्ही त्याला हात खिशात घालायला शिकवलंत.”

सिराजभाईंनी वेग वाढवला. इंजिनाचा आवाज मोठा होता, ऐकू आलं नाही असं म्हणायला सोय होती.

बरक्याला चार मच्छीमारांनी खुदेजाला खुर्चीसकट उचलून वाळूवर ठेवलं. ती हसली, त्यांना दुवा दिली. त्यानंतर ती बोटीत बसली नाही. शुक्रवारी ती येते, वाळूत मांडलेल्या खुर्चीवर बसते, चहा पिते आणि उन्हं कलली, की “चला” म्हणते.

परवा असंच बसले असताना सिराजभाईंना दिसलं, की शेजारच्या होडीचा दोर खुंटावरून निसटत चाललाय. भरती चढत होती. होडीचा मालक मासळीबाजारात गेलेला. सिराजभाई उठले, चार पावलं गेले, वाकले. हात दोरापर्यंत पोचला.

मग त्यांनी मान वर करून इकडेतिकडे बघितलं, कुणाला तरी विचारावं म्हणून. वाळूवर कुणी नव्हतं. नुसती खुदेजा बघत होती.

त्यांनी हात मागे घेतला आणि खिशात घातला.